बॅटरीखालचे लाकूड कोण खाते?

युरोप-अमेरिकेत १९६०च्या दशकात शिडाच्या होड्या मोठ्या प्रमाणावर फायबरग्लासच्या बनू लागल्या. आतील बॅटरीची बैठक मात्र अनेकदा प्लायवूडचीच असे. जुन्या होडीत ती भुसभुशीत झालेली आढळते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी २५ ते ३० किलो भरते. वाऱ्याने होडी कलताना बैठक तुटली आणि बॅटरीची टोके धातूला टेकली, तर आग लागू शकते.

मग नवी फळी बसवली की झाले? तसे नाही. आधी जुनी कशाने गेली ते पाहू या.

बुरशीने कुजलेले लाकूड बहुधा तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकते. आम्लाने खाल्लेल्या लाकडाचे तंतू सुटे होऊन लोकरीसारखे दिसतात. त्यावर खाण्याच्या सोड्याचे द्रावण टाकल्यास ते फसफसते.

हे आम्ल येते कोठून? बॅटरीत सुमारे ३५ टक्के गंधकाम्ल असते. चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. ते फुटताना आम्लाचे बारीक तुषार उडतात. लाकडातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. आम्ल पाण्याच्या मदतीने तिच्या कड्या तोडते, पण स्वतः खर्च होत नाही! शिवाय गंधकाम्ल हवेत उडून जात नाही. उलट दमट हवेतून ओलावा ओढते. म्हणून उरलेले आम्ल नव्या फळीलाही खाते.

तेव्हा क्रम असा: चार्जर बंद करून आधी ऋण टोकाची तार सोडवायची आणि बॅटरी बाहेर काढायची. कुजका भाग काढून, फसफस थांबेपर्यंत सोड्याचे द्रावण लावायचे. ते बॅटरीत मात्र जाऊ द्यायचे नाही. मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे. नव्या प्लायवूडला, विशेषतः कडांना, इपॉक्सीचे थर द्यायचे. बॅटरी प्लास्टिकच्या पेटीत ठेवून पट्ट्याने आवळायची. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून वरून वायुवीजन हवेच.

वर्गात शिक्षकांनी स्वतः, चष्मा व हातमोजे घालून, विरल गंधकाम्लाने कागदावर एक अक्षर काढावे. वाळल्यावर कागदाला ऊब द्यावी. अक्षर काळे उमटते. पाणी गेले, आम्ल मागे राहिले! कागदही सेल्युलोजचाच, हे विद्यार्थ्यांनाच ओळखू द्यावे.