आटत गेलेला सीझन

सप्टेंबर १९५५ मध्ये सीबीएस या अमेरिकी नेटवर्कवर ‘गनस्मोक’ सुरू झाली. कॅन्ससमधलं डॉज सिटी हे गाव, तिथला मार्शल मॅट डिलन आणि दर आठवड्याला गावात येऊन ठेपणारं नवं संकट, एवढ्या भांडवलावर ही मालिका २० वर्षं चालली. जेम्स आर्नेस या एकाच नटानं पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत डिलन रंगवला. भाग झाले ६३५. त्यांची वर्षवार यादी नुसती वाचली तरी टीव्हीच्या धंद्याचा इतिहास समोर येतो. पहिली पाच वर्षं दर वर्षी ३९ भाग, अकराव्या वर्षी ३२, तेराव्या वर्षी २५ आणि शेवटची पाच वर्षं प्रत्येकी २४. गाव तेच, मार्शल तोच, तरी वर्षाचे १५ भाग गळाले होते.

ही उतरण पुढेही चालूच राहिली. नेटफ्लिक्सची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ जुलै २०१६ मध्ये आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये संपली. साडेनऊ वर्षं, पाच सीझन, सगळे मिळून ४२ भाग. ‘गनस्मोक’चे सुरुवातीचे भाग अर्ध्या तासाचे होते आणि ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे काही भाग सिनेमाएवढे लांब आहेत, हे तुलना करताना ध्यानात घ्यायलाच हवं. ते धरूनही अंतर मोठं उरतं. पूर्वी एका वर्षात जेवढे भाग होत, जवळपास तेवढ्यांना आता एक दशक लागतं. पहिल्या सीझनमध्ये शाळकरी असलेली मुलं शेवटच्या सीझनपर्यंत विशी ओलांडून गेली.

आठ भाग दोन रात्रींत संपवून पुढच्या सीझनसाठी दोन-तीन वर्षं ताटकळणारा प्रेक्षक विचारतो, असं का? याचं उत्तर गोष्टीत शोधायला गेलं तर सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. सीझन किती लांब असावा हे प्रत्येक काळात पैसे देणाऱ्यानं ठरवलं. मात्र लांब सीझननं त्या हिशेबाच्या ओघात काही मोलाच्या गोष्टी घडवल्या, आणि सीझनबरोबर त्याही आटत चालल्या आहेत.

तेरा आठवड्यांचं गणित

३९ हा आकडा रेडिओकडून आला. वर्षाचे ५२ आठवडे, त्यांच्या १३-१३ आठवड्यांच्या चार तिमाह्या, आणि जाहिरातदारांचे करार याच तिमाह्यांच्या मापानं होत. तीन तिमाह्या नवे कार्यक्रम आणि उन्हाळ्याची चौथी तिमाही सुट्टीची किंवा बदली कार्यक्रमाची, ही रेडिओची घडी टीव्हीनं जशीच्या तशी उचलली. ‘गनस्मोक’सुद्धा १९५२ पासून आधी रेडिओवरच चालत होती. त्या काळात बरेचदा एकच कंपनी अख्ख्या कार्यक्रमाची प्रायोजक असे, कार्यक्रमाला आपलं नाव देई आणि वर्षातले जास्तीत जास्त आठवडे आपलं नाव घराघरांत पोहोचावं अशी तिची अपेक्षा असे. म्हणून ३९.

या घडीला पहिला तडा पुनर्प्रसारणानं दिला. १९५१ मध्ये सुरू झालेली ‘आय लव्ह लुसी’ ही विनोदी मालिका ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होत होती, त्यामुळे तिचे भाग उत्तम स्थितीत जपून राहिले. नायिका लुसील बॉल हिच्या बाळंतपणाच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि लोकांनी ते आवडीनं पाहिले. एकदा दाखवलेला भाग फुकट जात नाही, हे धंद्याला उमगलं. पुढे अर्ध्या तासाच्या नाट्यमालिका तासाच्या झाल्या, काळ्या-पांढऱ्या चित्रणाच्या जागी रंग आला, खर्च वाढला. नवा भाग महाग आणि जुना जवळपास फुकट, मग वर्षात नवे भाग कमी होणारच. १९६६ ची ‘स्टार ट्रेक’ याच वळणावरची. तिच्या तीन सीझनमध्ये २९, २६ आणि २४ भाग झाले. १९८० च्या दशकात हा आकडा २२ च्या आसपास स्थिरावला आणि पुढची दोन-अडीच दशकं तिथंच राहिला.

बावीस भागांचा कारखाना

अमेरिकी नेटवर्कचं वर्ष सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत. या पस्तीसेक आठवड्यांत २२ नवे भाग आणि मधल्या फटींत पुनर्प्रसारण किंवा विशेष कार्यक्रम. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे या महिन्यांत प्रेक्षकसंख्येची मोठी मोजणी होई आणि तिच्यावर जाहिरातींचे दर ठरत, म्हणून दमदार भाग त्या महिन्यांसाठी राखून ठेवले जात. नव्या मालिकेला आधी १३ भागांचीच ऑर्डर मिळे. आकडे बरे आले तर आणखी ९ भाग. तिमाहीचे तेरा इथंही सुटले नव्हते.

तासाभराचा एक भाग चित्रित करायला साधारण आठ दिवस लागत. २२ भाग म्हणजे १७६ दिवस, जुलैपासून पुढल्या एप्रिलपर्यंत. एका भागाचं शूटिंग चालू असताना मागचा भाग संकलनाच्या टेबलावर, पुढच्याची तयारी कला आणि वेशभूषा विभागांकडे आणि त्याच्याही पुढचा लेखकांच्या खोलीत. सप्टेंबरमध्ये पहिला भाग प्रेक्षकांसमोर येई तेव्हा सीझनचा बराचसा भाग लिहून झालेलाच नसे. त्यामुळे एखादं दुय्यम पात्र लोकांना भावलं की चार महिन्यांत त्याला मोठी जागा देता येई.

या कारखान्यामागे आणखी एक आकडा होता, शंभराचा. नेटवर्क देई ते पैसे निर्मितीच्या खर्चाला पुरत नसत. स्टुडिओ तोटा सोसून मालिका बनवत राही, कारण शंभरेक भाग जमले की स्थानिक केंद्रांना ते रोज दाखवण्यासाठी विकता येत आणि खरी कमाई तिथं होई. वर्षाला २२ या गतीनं पाचव्या वर्षी शंभरी गाठली जाई. रुग्णालयावरची ‘ईआर’ १५ वर्षांत ३३१ भागांपर्यंत पोहोचली, ‘लॉ अँड ऑर्डर’ पहिल्या २० वर्षांत ४५६ पर्यंत.

भरतीचे भाग आणि त्यांतून निपजलेलं सोनं

वर्षाला २२ गोष्टी सांगायच्या तर त्या सगळ्या उत्तम होणं शक्य नव्हतं. भरतीचे भाग असत. पैसे वाचवण्यासाठी एकाच सेटवर, नेहमीच्या नटांत भागवलेले भाग असत. पटकथा वेळेत मिळेनात म्हणून १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’नं एनबीसीनं नाकारलेल्या आपल्याच पहिल्या प्रायोगिक भागाचं चित्रण वापरून ‘द मिनॅजरी’ हा दोन भागांचा जोड तयार केला. तो गाजला. १९८९ मध्ये मात्र ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’नं दुसऱ्या सीझनचा शेवट जुन्या प्रसंगांची जोडाजोड करून उरकला. ‘शेड्स ऑफ ग्रे’ या नावाचा तो भाग मालिकेच्या चाहत्यांना आजही खुपतो.

तरी याच भरतीच्या जागेत प्रयोगाला वाव होता. सीझनमध्ये आठच भाग असतील तर प्रत्येक भागानं मुख्य कथानक पुढे ढकलायलाच हवं. बावीस असतील तर एखादा लेखक म्हणू शकतो, या आठवड्यात मी वेगळं काही करून बघतो. ‘द एक्स-फाइल्स’च्या सहाव्या सीझनमध्ये, नोव्हेंबर १९९८ मध्ये, ‘ड्राइव्ह’ नावाचा असाच एक सुटा भाग दाखवला गेला. लेखक होता व्हिन्स गिलिगन. त्याला असा नट हवा होता की पात्र तिरस्कार वाटावा असं असलं तरी अखेरीस प्रेक्षकाला त्याची कणव यावी. ती भूमिका ब्रायन क्रॅन्स्टननं केली. दहा वर्षांनी गिलिगननं ‘ब्रेकिंग बॅड’ उभी केली तेव्हा क्रॅन्स्टनला लोक विनोदी नट म्हणून ओळखत होते आणि एएमसी वाहिनीचे अधिकारी साशंक होते. गिलिगननं त्यांना ‘ड्राइव्ह’ दाखवला आणि वॉल्टर व्हाइट या नायकाची भूमिका क्रॅन्स्टनला मिळाली. छोट्या सीझनच्या युगातली एक थोर मालिका लांब सीझनच्या एका सुट्या भागातून जन्मली, ती अशी.

हा निव्वळ योगायोग मानू नये. बावीस भागांचा सीझन ही लेखकांची शाळा होती. नवा लेखक खोलीत खालच्या पायरीवर शिरे, वर्षातून एक-दोन भाग लिही, आपल्या भागाच्या चित्रीकरणाला सेटवर हजर राही, लिहिलेली ओळ नटाच्या तोंडी बसत नाही म्हणजे काय होतं हे डोळ्यांनी पाही. काही वर्षांनी तोच मालिकेची सूत्रं हाती घेई. ‘द सोप्रानोज’चा कर्ता डेव्हिड चेस ‘द रॉकफर्ड फाइल्स’सारख्या नेटवर्क मालिकांत घडला होता.

तेरा, दहा, आठ

जानेवारी १९९९ मध्ये एचबीओवर आलेल्या ‘द सोप्रानोज’चे पहिल्या सीझनमध्ये १३ भाग होते. एचबीओ जाहिराती घेत नाही, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालते. तिला पस्तीस आठवडे जाहिरातींनी भरायचे नव्हते आणि शंभर भागांची घाईही नव्हती. लेखनाला वेळ मिळाला, कथानक सलग विणता आलं. हे पाहून नेटवर्कवरचे लेखकही तशी मागणी करू लागले. एबीसीच्या ‘लॉस्ट’ला बेटावरचं रहस्य वर्षाला वीसहून जास्त भाग ताणणं जड जाऊ लागलं, तेव्हा मे २००७ मध्ये मालिका २०१० साली संपेल आणि उरलेले तीन सीझन १६-१६ भागांचे असतील असं जाहीर झालं. नोव्हेंबर २००७ पासून शंभर दिवस चाललेल्या लेखकांच्या संपानं त्यातले आणखी कापले आणि चौथा सीझन १४ वर थांबला. त्याच संपामुळे ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला सीझन सात भागांत आवरला.

‘गेम ऑफ थ्रोन्स’नं दहाचा पायंडा पाडला आणि शेवटी सात, मग सहा भागांवर आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये नेटफ्लिक्सनं ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे १३ भाग एकाच दिवशी खुले केले, तेव्हा आठवड्याचं वेळापत्रकच निकालात निघालं. पुढे आठ हा आकडा रूढ झाला. त्यालाही हिशेब आहे. नवा वर्गणीदार खेचायला नवी मालिका लागते, जुन्या मालिकेचे चौदा जादा भाग त्या कामी फारसे येत नाहीत. सिनेमाचे नट तीन-चार महिने देतात, नऊ महिने देत नाहीत. दृश्यं सिनेमाच्या तोडीची हवीत, म्हणजे प्रत्येक भाग महाग आणि त्यामागचं तंत्रकाम लांबलेलं.

छोट्या सीझननं दिलेलं देणं मी नाकारत नाही. ‘चेर्नोबिल’ पाच भागांची आहे आणि तिला सहावा भाग लागतच नाही. ब्रिटिश ‘स्लो हॉर्सेस’ सहा भागांत सीझन संपवते, पण २०२२ पासून नियमानं येत राहते. तक्रार आहे ती आठ भाग आणि तीन वर्षांची सुट्टी या जोडीबद्दल. या जोडीत प्रेक्षकाची सवय मोडते, नटांना वर्षाचं काम उरत नाही आणि लेखकांची शाळा बंद पडते. छोट्या खोलीत मोजके लेखक काही आठवडे बसतात आणि चित्रीकरण सुरू होण्याआधी घरी पाठवले जातात. सेट न पाहिलेला लेखक उद्या मालिका चालवणार कशी? २०२३ मध्ये अमेरिकी लेखकांनी १४८ दिवस संप केला तेव्हा हा प्रश्न मागण्यांच्या अग्रभागी होता. खोलीत किमान किती लेखक असावेत, हे भागांच्या संख्येनुसार संपानंतरच्या करारात लिहून घ्यावं लागलं.

जानेवारी २०२५ मध्ये एचबीओ मॅक्सवर ‘द पिट’ आली. पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, एकच पाळी, प्रत्येक भाग त्या पाळीतला एक तास, एकूण १५ भाग. मुख्य भूमिकेत ‘ईआर’मधून पुढे आलेला नोआ वाइली, निर्मात्यांतही ‘ईआर’ची माणसं. खर्च आटोपशीर, दर आठवड्याला एक भाग आणि वर्षभरात, जानेवारी २०२६ मध्ये, दुसरा सीझन हजर. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार तिला मिळाला. जुनी शिस्त नव्या पडद्यावर चालते, याचा हा ताजा पुरावा.

आपल्याकडची दरी

तेराचं माप आपल्यालाही नवं नाही. दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांना १३ भागांची मंजुरी मिळे, मग २६, मग ५२. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ५२ भागांसाठी आखली होती आणि मुदतवाढ घेत ७८ वर संपली. खासगी वाहिन्या आल्या आणि मराठीत रोजच्या मालिकेनं सगळी जागा व्यापली. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजार भागांच्या पुढे गेली. तिथं सीझन ही कल्पनाच नाही. टीआरपी आहे तोवर कथा चालते आणि कालपर्यंत लिहिलेलं आज चित्रित होतं. दुसऱ्या टोकाला ओटीटी आहे, जिथं ‘पंचायत’सारखी गुणी मालिकाही सीझनला आठच भाग देते. या दोन टोकांच्या मधली जमीन ओसाड पडली आहे.

ती कसता येईल. आठवड्याला एक भाग, वर्षाला वीस ते सव्वीस भाग, आधी लिहून झालेल्या निम्म्या पटकथा आणि सेटवर हजर असणारे चार-पाच तरुण लेखक, एवढी बेगमी मराठीतली एखादी वाहिनी करू शकते. रोजच्या मालिकेच्या दमछाकीत आणि आठ भागांच्या घाईत ज्यांना शिकायला वेळ मिळत नाही, ते लेखक तिथं घडतील. निर्मात्यांनी असा एक प्रयोग करून पाहावा. आणि तो झालाच, तर आपण प्रेक्षकांनी आठवडाभर वाट पाहण्याची तयारी ठेवावी, दोन रात्रींत संपत नाही म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नये.