‘नको’ म्हणायचं, पण गोड!

बालमित्रांनो, कुणाकडे गेलात आणि काकूंनी लाडवांची बशी पुढे केली, की तुम्ही काय म्हणता? “नको नको, आत्ताच जेवून आलो!” पण काकू ऐकतात थोड्याच? पुन्हा आग्रह, मग “माझी शपथ आहे”, आणि लाडू तुमच्या हातात! पहिलं ‘नको’ बहुधा लाजेचं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरी मात्र जरा जपून हं! इंग्लंड-अमेरिकेत ‘नो, थँक यू’ म्हटलंत की बशी बहुतेक खरंच मागे जाते. फार तर ‘आर यू शुअर?’ असं एकदा विचारतील. तेव्हा पोटात कावळे ओरडत असतील, तर पहिल्याच खेपेला ‘येस, प्लीज’ म्हणून मोकळे व्हा.

आणि खरंच नको असेल तर? आमच्या वर्गातली मुलं ‘मला नको’चं सरळ ‘आय डोन्ट वॉन्ट’ करतात. ऐकणाऱ्याला ते हात झटकल्यासारखं लागतं. नुसतं ‘थँक यू’ म्हटलं, तर हवंय की नकोय तेच कळत नाही. म्हणून ‘नो’ आणि ‘थँक यू’ ही जोडगोळी फोडायची नाही. पोट भरलं असेल तर पुढे ‘आय अ‍ॅम फुल’ जोडा. ‘आय हॅव हॅड इनफ’ नको. जरा सूर चुकला, की त्याचा अर्थ ‘वैतागलो बुवा’ असा होतो!

आता आमंत्रण. मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावलं, पण तुम्हाला त्याच रविवारी गावी जायचंय. नुसतं ‘आय कान्ट कम’ म्हटलंत तर तिचा चेहरा पडेल. त्याऐवजी म्हणा, ‘आय वुड लव्ह टु, बट वी आर गोइंग टु अवर व्हिलेज. थँक्स फॉर आस्किंग मी!’ आधी इच्छा, मग ‘बट’, मग कारण. कारण एकच पुरे. तीन दिलीत की तिन्ही खोटी वाटतात!

आपलं ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणजे काय, ते आपल्याला कळतं. पण त्याचं ‘आय विल ट्राय’ केलंत, तर ती केक राखून तुमची वाट बघत बसेल. जायचंच नसेल तर हे वाक्य नको.

आणि हो, कुणी मोठ्या मुलाने सिगारेट पुढे केली तर? तिथे ‘आय वुड लव्ह टु’ मुळीच नाही! ‘नो, थँक्स. आय डोन्ट स्मोक.’ कारण द्यायचं नाही, ‘सॉरी’ तर नाहीच नाही. त्याने पुन्हा विचारलं, तर ‘आय सेड नो’ म्हणायचं आणि सरळ तिथून चालू पडायचं.