कळलावी : फूल देखणे, कंद घातकी

औंढा नागनाथ म्हटले की लोकांना देऊळ आठवते, अलीकडे दुधाळ्याला होऊ घातलेली लायगो प्रयोगशाळा आठवते. आम्हाला आठवते ती डोंगरउतारावरची कळलावी. श्रावण-भाद्रपदात हा वेल झुडपांतून, काटेरी कुंपणांवरून वर चढतो. फूल जळत्या पलित्यासारखे, म्हणून हिला अग्निशिखाही म्हणतात.

फूल एकदा जवळून पाहावे. तोंड जमिनीकडे, पण सहाही पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा नागमोडी. उमलताना हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. एकाच वेलावर हे सगळे रंग एका वेळी दिसतात. वेलाला वेगळे ताणे नाहीत. पानाचे टोकच शेपटीसारखे लांबते आणि आधाराला विळखा घालते. पाऊस सरला की वेल वाळतो, कंद मातीत जिवंत राहतो. तो नांगरासारखा दुफाटी असतो. संस्कृतातले लांगली हे नाव त्यावरूनच. पूर्वी हिला लिलीच्या कुळात धरीत, आता कूळ वेगळे मानतात.

कळलावी म्हणजे कळा आणणारी. बाई अडली की कंद उगाळून बेंबीवर, तळपायांना लावायची जुनी रीत. दुसरा अर्थ भांडण लावणारी; दारात लावली तर घरात कळ लागते म्हणे! आता भांडायला आम्हाला वेलाची गरज कधी पडली? हा समज हसून सोडून द्यावा. पहिल्यात मात्र जिवाशी गाठ आहे.

साऱ्या झाडात, त्यातही कंदात आणि बियांत, कोल्चिसीन नावाचे विष असते. कंद पोटात गेला तर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. घरच्यांना वाटते, काही शिळेपाके बाधले. तेवढ्यात विष रक्तावर, मूत्रपिंडावर जाते. वाचलेल्या माणसाचे केस पुढे आठ-पंधरा दिवसांत झडतात. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद खाल्लेली माणसे दगावली आहेत. याच कोल्चिसीनचे गाऊटवर औषध होते, पण ते मिलिग्रॅमने मोजून. तामिळनाडूत बियांसाठी हिची शेती करतात. तिथले हे राज्यफूल आहे.

तेव्हा मायबहिणींनो, बाई अडली तर उगाळत बसू नका, १०८ ला फोन लावा. पोराने कंद वा बी चघळले असेल तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठा आणि झाडाचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

त्या उतारावर एक पोरगी दोन्ही हातांत ही फुले घेऊन आली होती. आम्ही तिला हात धुवायला लावले. फुले टाकायला काही ती तयार होईना. वहीत दाबून ठेवणार म्हणाली.