सुईला उंची कळते

जुनी प्रीमियर पद्मिनी चढाला दम टाकू लागली, की गॅरेजमध्ये बहुधा एकच निकाल मिळतो: ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल.’ निकाल खरा असेलही. पण हेडचा एकही नट सैल न करता तो पडताळता येतो. त्यासाठी लागतं एक व्हॅक्यूम गेज आणि हातभर रबरी नळी. कार्बोरेटरवर हात बसलेले मिस्त्री दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्याकडून ही विद्या नव्या पोरांनी वेळेत उचलायला हवी.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर कार्बोरेटरची झडप असते. एक्सिलरेटर सोडला की ती जवळजवळ मिटते. पिस्टन मात्र पिचकारीचा दांडा मागे ओढावा तशी हवा खेचत राहतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच उतरतो. रिंगा, व्हॉल्व्ह आणि पॅकिंग धड असतील तर ही ओढ जोरकस आणि एकसारखी राहते. मॅनिफोल्डला नळी जोडली की गेज ती पाऱ्याच्या इंचांत दाखवतं.

इंजिन चांगलं गरम करून स्लोवर ठेवायचं. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंचांच्या दरम्यान सुई स्थिर राहिली तर प्रकृती ठीक. सुई स्थिर आहे, पण दोन-तीन इंच खाली? मग आधी इग्निशनचं टायमिंग मागे पडलंय का ते बघावं. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून सुटणाऱ्या दुखण्यासाठी पुष्कळदा उगाच इंजिन उतरवलं जातं. आकडा फारच खाली असेल तर कार्बोरेटरखालचं किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग हवा घेत असण्याचा संशय धरावा.

आकड्याइतकीच सुईची हालचाल महत्त्वाची. ठरावीक अंतराने ती एकेक झटका खाली घेत असेल, तर बहुधा एखादा व्हॉल्व्ह जळलेला किंवा नीट न बसणारा. स्लोवर थरथरते आणि वेग वाढवल्यावर शांत होते, तेव्हा व्हॉल्व्ह गाइड झिजलेले. उलट वेगाबरोबर थरथर वाढली तर स्प्रिंग कमजोर.

रिंगांची परीक्षा वेगळी. एक्सिलरेटर झटकन दाबून सोडायचा. सुई शून्याजवळ कोसळते आणि मग उसळून २४-२५ पर्यंत जाऊन मूळ जागी येते. ती उसळी नसेल, तरच मिस्त्रीच्या निकालाला बळ मिळतं. तेव्हाही कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय इंजिन खोलू नये.

पण हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, आणि सातारा-सांगलीत तेच विसरलं जातं. दर हजार फुटांच्या चढाला सुई सुमारे एक इंच उतरते, कारण बाहेरच्या हवेचाच दाब कमी होतो. सांगली सुमारे १८०० फुटांवर, सातारा २४०० च्या आसपास, महाबळेश्वर ४४०० हून वर. मुंबईत १९ दाखवणारी निरोगी गाडी सांगलीत १७ च्या आसपास आणि साताऱ्यात साडेसोळा दाखवेल. पसरणी घाट चढून ती महाबळेश्वरला पोचली की साडेचौदा. हा आकडा छापील तक्त्याशी ताडला तर धडधाकट इंजिनही आजारी ठरेल. म्हणून गाडी ठीक असतानाच आपल्या गावातलं रीडिंग वहीत टिपून ठेवणं सगळ्यात उपयोगाचं.

या भागाची इंजिनांशी ओळख मोटारींपुरती नाही. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात कारखाना काढला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. कूपर आणि किर्लोस्कर ही नावं इथल्या शेतकऱ्याला विहिरीवरच्या डिझेल इंजिनांमुळे पाठ. त्या इंजिनांवर मात्र ही तपासणी चालत नाही. तिथे हवेच्या वाटेवर झडपच नसते. वेग इंधन कमी-जास्त करून सांभाळला जातो, त्यामुळे मोजण्याजोगी ओढ तयारच होत नाही. डिझेल मोटारींत ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवतात तो याच कारणाने. त्या पंपाच्या नळीला गेज लावून आलेला आकडा पंपाचा असतो, इंजिनाचा नव्हे. पाण्याच्या डिझेल इंजिनासाठी कॉम्प्रेशन गेज, नोझलची तपासणी आणि धुराचा रंग हीच साधनं वापरावी लागतात.