चर खोदणारा आणि न खोदणारा

2018 च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं साताऱ्यातल्या भांडवलीसोबत राज्यात दुसरा क्रमांक पटकावला. गावानं श्रमदानातून चर खोदून पाणी अडवायचं, अशी पानी फाउंडेशनची ही स्पर्धा 8 एप्रिल ते 22 मे अशी ऐन उन्हाळ्यातली होती. निव्वळ हिशेबानं पाहिलं, तर असं श्रमदान व्हायलाच नको.

कारण उतारावरच्या चरात अडलेलं पाणी मुरतं आणि सातबारा न विचारता विहिरींत उतरतं. ज्यानं कुदळ हातात घेतली नाही, त्याचीही विहीर भरते. समजा, असा एक खेळ आहे: पाच जणांनी शंभर-शंभर रुपये काढायचे आणि जमलेली रक्कम दुप्पट करून पाचांत सारखी वाटायची. सगळ्यांनी काढले तर प्रत्येकाला 200. एकानं खिशातच ठेवले, तर बाकीच्यांना 160 आणि त्या पठ्ठ्याकडे 260!

जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी 1973 मध्ये अशा खेळांची सांगड उत्क्रांतीशी घातली. त्यांच्या गणितात खेळाडू हुशार असावा लागत नाही. फायद्याचा डाव खेळणाऱ्यांची संख्या पिढीगणिक वाढते, एवढंच. माणसांना तर पिढीचीही वाट पाहावी लागत नाही, फायद्यातल्या माणसाची नक्कल केली की झालं. मग शिवारातले चर ओस का पडत नाहीत?

मार्टिन नोवाक यांनी 2006 मध्ये सहकार्य टिकण्याच्या पाच वाटा मांडल्या. त्यातली एक नावलौकिकाची. श्रमदानाला कोण आलं नाही, हे गावात लपत नाही आणि सोयरीक जुळवताना तेच गाव असतं. मला मात्र त्यातलीच आणखी एक, गटागटांतल्या चुरशीची वाट अधिक मोलाची वाटते. कामचुकार गावाच्या आत कमावतो, पण कामचुकारांचं गाव दुसऱ्या गावापुढे हरतं. चुरस तीव्र असेल, तर हे हरणंच भारी पडतं. सॅम्युएल बोल्स यांनी 2009 मध्ये हा हिशेब आदिम टोळ्यांच्या लढायांवरून मांडला होता. वॉटर कपनं तीच चुरस रक्त न सांडता, 45 दिवसांत उभी केली.

खरी गोम पावसाळ्यानंतर आहे. स्पर्धा संपलेली, विहिरी भरलेल्या. आता प्रश्न उपशाचा. चर चारचौघांत खोदला जातो, मोटार रात्री एकट्यानं चालू होते. तिथं नावलौकिक आंधळा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं म्हणूनच शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायला सुरुवात केली.