ओटीजी, खारा वारा आणि काही पक्के गैरसमज

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या स्वयंपाकघरांत ओटीजीची, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनची, नवलाई आता संपली आहे. कुणी मुलांच्या केकसाठी घेतो, कुणी पर्यटकांना जेवू घालायच्या धंद्यासाठी, तर कुणाकडे मुंबईच्या भावाने नवा घेतल्यावर जुना येऊन पडतो. सोबतची माहितीपुस्तिका मात्र कोरड्या हवेचं, ऐसपैस स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. तिच्यात खारा वारा नसतो, जूनमध्ये पाझरणारी भिंत नसते. या किनाऱ्यावर ओटीजी कोणत्या कंपनीचा घेतला याला फारसं महत्त्व नाही. तो कोणत्या भिंतीशी ठेवला, कोणत्या प्लगला लावला आणि पावसाळ्यात त्याचं काय केलं, यावर त्याचं आयुष्य ठरतं.

गैरसमज : हे केक-पिझ्झाचं यंत्र, आपल्या जेवणात त्याचं काय काम?

रायगडातल्या कुठल्याही जुन्या सीकेपी घरात भानोल्याची आठवण काढून बघा. कोलंबीचं, सोड्याचं किंवा कोबीचं भानोलं चुलीवर ठेवायचं आणि वरच्या झाकणावर निखारे पसरायचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. काकडीचं धोंडसही तसंच, वर-खाली विस्तव ठेवून होई. ओटीजीतल्या वरच्या आणि खालच्या नळ्या नेमकं हेच काम करतात. फरक इतकाच की विस्तव किती, हे थर्मोस्टॅट ठरवतो. दोन्ही नळ्या चालू ठेवून दहा मिनिटं ओव्हन आधी तापवायचा, भांडं मधल्या जाळीवर ठेवायचं आणि 180 अंशांवर अर्धा-पाऊण तास द्यायचा. भानोलं उत्तम होतं. वरून लाली कमी वाटली तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरची नळी चालू ठेवावी.

यातलाच दुसरा घोळ मायक्रोवेव्हचा. मायक्रोवेव्ह सूक्ष्मलहरींनी अन्नातलं पाणी तापवतो, म्हणून त्यात धातूचं भांडं चालत नाही. ओटीजीत साधी तापलेली तार असते. त्यात ॲल्युमिनियमचा डबा, स्टीलची थाळी, ओव्हनला चालणारी काच असं सगळं चालतं. प्लॅस्टिक मात्र कोणतंही चालत नाही, ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असं लिहिलेलंही नाही.

गैरसमज : जिथे प्लग, तिथे ओटीजी.

घोटाळ्याची खरी जागा ही आहे. 230 व्होल्टला 6 अँपिअरच्या लहान सॉकेटमधून फार तर 1380 वॉट घेता येतात. छोटे ओटीजी त्यात बसतात. 1500 वॉटचा ओव्हन साडेसहा अँपिअर ओढतो, 2000 वॉटचा जवळपास पावणेनऊ. म्हणून त्यांना जाड पिनांचा प्लग दिलेला असतो आणि त्याला 16 अँपिअरचा पॉवर पॉइंटच लागतो. बाजारात स्वस्तातला कन्व्हर्टर मिळतो. जाड पिना त्यात घालून तो लहान सॉकेटला लावणं म्हणजे कंपनीने घातलेली अट स्वतःच्या हाताने मोडणं. फ्रिज आणि मिक्सर ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत, त्यावर ओटीजी तर अजिबात नको. प्लग हाताला गरम लागू लागला किंवा सॉकेटची कड पिवळी पडली, तर तार किंवा जोड भार पेलत नाही हे समजावं.

आता जागा. ओट्याचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट सर्वांत बरा, कारण त्याला उष्णतेचं भय नाही. दोन्ही बाजूंना आणि मागे निदान चार इंच, वर फूटभर मोकळं ठेवावं. वरच्या लाकडी कपाटाला चिकटवून ठेवलेल्या ओटीजीमुळे सनमायका फुगलेला बऱ्याच घरांत दिसतो. फ्रिजच्या डोक्यावर तो ठेवू नये. फ्रिजला स्वतःची उष्णता बाहेर टाकायची असते, त्यात वरून भट्टी कशाला? शेगडीच्या इतक्या जवळही नको की वायर बर्नरवरून लोंबेल. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. गॅसचा वास आला तर ओटीजीचं बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. आधी दारं-खिडक्या उघडाव्यात आणि रेग्युलेटर बंद करावा.

गैरसमज : खिडकीशी ठेवला की बरं, धूर आणि वास बाहेर जातो.

पुण्यात बरं असेल. आपल्याकडे पश्चिमेची खिडकी म्हणजे समुद्राची खिडकी. तिच्यातून वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण आत येतात आणि पत्र्यावर बसतात. सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरची हवा कितीतरी दिवस या रेषेच्या वरच असते. म्हणजे पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायम असतो, आणि गंजाला आणखी काही लागत नाही. सुरुवात दाराच्या बिजागरीपासून आणि खालच्या कोपऱ्यांपासून होते. ओटीजी आतल्या भिंतीशी ठेवावा आणि बाहेरून ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. नुसतं कोरडं फडकं फिरवलं तर मीठ निघत नाही. कौलारू घरात वरून गळती नाही ना, हेही पाहून घ्यावं.

गैरसमज : पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकावा.

काळजीने केलेलं हे काम सर्वांत जास्त नुकसान करतं. प्लॅस्टिक बाहेरची ओल अडवतं हे खरं, पण गुंडाळताना आत राहिलेली ओलही कोंडून ठेवतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट नळ्यांच्या आत घडते. बहुतेक ओटीजींतल्या धातूच्या नळीत मधोमध तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. पण ती हवेतली ओल शोषते. चार महिने बंद पडलेल्या ओव्हनमध्ये पूड दमट झाली की थोडी वीज गळून नळीच्या धातूत आणि तिथून बाहेरच्या पत्र्यात येऊ शकते. म्हणूनच गणपतीत मोठ्या उत्साहाने ओटीजी खाली काढला, लावला आणि घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडला, असा प्रकार होतो. लोक म्हणतात ओव्हन जळाला. बऱ्याचदा तो फक्त ओला झालेला असतो.

ज्या घरात आरसीसीबी नाही, तिथे तो पडत नाही, हाताला झिणझिण्या येतात. हे जास्त वाईट. एमसीबी असला म्हणजे शॉकपासून संरक्षण मिळालं, असं समजू नये. एमसीबी तारेला जास्त भारापासून वाचवतो. माणसाला वाचवायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग लागतं. खाऱ्या जमिनीत अर्थिंगचा पाइप आणि त्याचा जोड गंजतो, म्हणून तिसरी पिन दिसते तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. पावसाळाभर आठवड्यातून एकदा ओटीजी रिकामा, 100 अंशांच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं चालवावा. खोबरं-शेंगदाणे भाजायला काढलात तर तेही काम होऊन जातं. लावण्याआधी आत डोकावावं. पाली आणि झुरळांना ही जागा आवडते. पुष्कळ घरांत ओटीजी हेच तव्यांचं आणि प्लॅस्टिकच्या झाकणांचं कपाट झालेलं असतं, तेही रिकामं करावं.

गैरसमज : वीजबिल दुप्पट येतं.

1500 वॉटचा ओव्हन चाळीस मिनिटं सलग तापला तरी एक युनिट होतं. प्रत्यक्षात तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट नळ्या बंद-चालू करत राहतो, त्यामुळे त्याहून कमी. केक बसतो तेव्हा दोष व्होल्टेजचाही असू शकतो: 230 ऐवजी 190 व्होल्ट आले तर तोच 1500 वॉटचा ओव्हन हजाराच्या आसपास वॉट देतो. अशा संध्याकाळी आधी तापवायची वेळ वाढवावी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तो चालणार नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्याकडची गावं कितीतरी दिवस अंधारात होती. म्हणून गॅस आणि चूल मोडीत काढायची घाई नको.

गैरसमज : फॉइल लावलं की साफसफाई नको.

चुरा पडतो त्या खालच्या ट्रेवर फॉइल अंथरलं की ते नळीला टेकू शकतं, शिवाय उष्णता भलतीकडे परतते. आगळ किंवा लिंबू लावलेला बांगडा फॉइलमध्ये बांधला तर आंबटपणा ॲल्युमिनियम खातो. आपल्याकडे केळीची पानं आहेत. त्यात मासा बांधून थाळीत ठेवावा आणि पान नळीला लागणार नाही हे पाहावं. माशाचं तेल ट्रेवर साचू देऊ नये, पुढच्या वेळी तेच पेट घेतं. गरम काचेवर ओलं फडकं मात्र मारू नका, काच तडकते.

गैरसमज : ओटीजीत पोपटीही होते.

होत नाही. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी आत शिजतील, पण भांबुर्डीचा पाला भरून उपडं ठेवलेलं मडकं आणि भोवतीचा जाळ 250 अंशांच्या डब्यात मावत नाही. पोपटी शेतातच लावावी.

ओटीजी घ्यायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी परवानाधारक वायरमनला घरी बोलवा. स्वयंपाकघरात 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आहे का, त्याची तार जाड आहे का आणि अर्थिंग मीटर लावून तपासलं तर ठीक येतं का, एवढं त्याच्याकडून पाहून घ्या. ओव्हनचे लिटर आणि रंग त्यानंतर ठरवा.