भामरागडला इलेक्ट्रिक गाडीने जाता येतं

"चंद्रपूरच्या पुढे चार्जर कुठे आहेत? जंगलात अडकलात तर काय करणार?" इलेक्ट्रिक मोटारीचा विषय निघाला की विदर्भात हा प्रश्न येतोच. अमरावतीकडे त्यात परतवाड्याचं नाव येतं, कोकणात सावंतवाडीचं. गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. हे बोलणारे लोक चांगले शिकलेले असतात. घरी रोज गिझर, पाण्याचा पंप, एसी वापरतात. विजेशी रोजचा संबंध असूनही ते असं बोलतात, म्हणून मला या वाक्याचा जास्त त्रास होतो.

या प्रश्नामागे एक समजूत आहे. पेट्रोल जसं फक्त पंपावर मिळतं, तशी इलेक्ट्रिक गाडी फक्त चार्जिंग स्टेशनवर चार्ज होते, ही ती समजूत. ती साफ चुकीची आहे. गिझरला किंवा एसीला आपण जो पंधरा-सोळा अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट वापरतो, त्यावर गाडी चार्ज होते. त्यासाठी लागणारा पोर्टेबल चार्जर बहुतेक गाड्यांसोबत येतो किंवा वेगळा घेता येतो. तो डिकीत असतो, आणि कित्येक मालक वर्षभर त्याची पिशवीही उघडत नाहीत.

आता हिशेब मांडू. २३० व्होल्टवर तेरा अँपिअर घेतले की ताशी साधारण तीन युनिट वीज मिळते. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सातला काढली, तर भिंतीतून तीस युनिट घेतली जातात. दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, तरी पंचवीस-सव्वीस युनिट बॅटरीत जमा होतात. मध्यम आकाराची गाडी ताशी ७०-८० किलोमीटरच्या वेगाने एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर सहज जाते. म्हणजे तुम्ही झोपलेले असताना साधारण १६५ किलोमीटरची सोय झाली. दुर्गम भागात तुम्ही दिवसाला सहसा याहून फार जास्त गाडी चालवत नाही. रस्ता चालवू देत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो म्हणजे हे फार सावकाश होतं. दुपारी बाराला बॅटरी संपली आणि संध्याकाळपर्यंत पोहोचायचं असेल, तर साधा सॉकेट कामाचा नाही. म्हणून आखणी सुरू करताना नकाशावर चार्जर शोधत बसू नका. गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे आधी ठरवा. मुक्काम पक्का झाला की बाकीचा प्रवास त्याच्याभोवती बसवता येतो.

नागपूरहून भामरागडचंच उदाहरण घेऊ. गाडीची बॅटरी ४५ युनिटची धरा. हल्ली अनेक गाड्यांमध्ये एवढी मिळते. नागपूर ते चंद्रपूर सुमारे १५० किलोमीटर. पूर्ण भरून निघालात तर चंद्रपुरात पन्नास टक्के उरते. तिथे जलद चार्जर मिळतो. जेवण होईपर्यंत गाडी ऐंशी टक्क्यांवर जाते, आणि ऐंशीनंतर वेग मंदावतो. एरवी ऐंशीला निघावं, पण इथे अर्धा-पाऊण तास आणखी थांबून ९५ पर्यंत न्या, कारण चंद्रपूर सोडलं की जलद चार्जरवर विसंबून राहायचं नाही. पुढे बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली, साधारण ११५ किलोमीटर. लोहखनिजाच्या ट्रकांनी या पट्ट्यातला रस्ता पार खराब केला आहे. खड्ड्यांमुळे वेळ जातो, पण बॅटरीवर फारसा भार येत नाही, कारण गाडीचा वेगच कमी असतो. आलापल्लीला पोहोचताना पंचावन्न टक्के शिल्लक असते.

मुक्काम आलापल्लीत. वीस युनिट बॅटरीत भरायची म्हणजे भिंतीतून तेवीस घ्यायची. व्होल्टेज चांगलं असेल तर आठ तास, कमी असेल तर दहा. सकाळी गाडी शंभर टक्के. तिथून भामरागड साधारण ६५ किलोमीटर, वाटेत हेमलकसा लागतं. जाऊन-येऊन १३० आणि परत चंद्रपूरपर्यंत ११५, म्हणजे एकूण २४५ किलोमीटर. साडेसहाच्या हिशेबाने ८४ टक्के लागले, १६ उरले. जंगलातल्या रस्त्यावर वेग पन्नास-साठच असतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडे जास्तच उरतील. एवढ्यावर जाऊ नये असं वाटत असेल, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर तसं वाटायलाच हवं, तर आलापल्लीत दुसरीही रात्र काढा. चंद्रपूरच्या पुढे एकही सार्वजनिक चार्जर न वापरता भामरागड होतं. यात कुठलंही धाडस नाही, नुसता गुणाकार आहे.

भरवसा ठेवायचा तो सॉकेटवर, आणि तो आधी तपासायचा. मुक्कामाची खोली ठरवताना फोनवर तीन प्रश्न विचारा. गाडी उभी राहते तिथून पॉवर पॉइंट किती दूर आहे, त्याला अर्थिंग आहे का, आणि रात्री लाइट जाते का. पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याला बहुधा "आहे ना, तीन पिनांचा आहे" असं उत्तर येतं, आणि ते काहीच सांगत नाही. तिसरं भोक असणं आणि त्यामागे जमिनीत गेलेली तार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून एक साधा मल्टिमीटर सोबत ठेवा आणि तो वापरायला घराजवळच्या वायरमनकडून शिकून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा साठ-सत्तर दाखवत असेल किंवा नाचत असेल, तर अर्थिंग नाही. पोर्टेबल चार्जरही हेच तपासतो आणि लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. अशा वेळी दुसऱ्या खोलीतला एसीचा पॉइंट पाहा, स्वयंपाकघरातला पाहा, मालकाला विचारून मीटरपेटीजवळचा पाहा. मीटरपेटीजवळ बऱ्याचदा काम होतं, कारण इमारतीची मूळ अर्थिंगची तार तिथेच उतरलेली असते.

आणि इथे मला हात जोडून सांगायचं आहे. अर्थिंग नसलं तरी चार्जिंग सुरू करून देणारे 'बायपास' टॉप बाजारात मिळतात. लोक ते एकमेकांना सुचवतात, अभिमानाने दाखवतात. त्यात काय असतं? न्यूट्रलची आणि अर्थची पिन आतून तारेने जोडलेली असते, एवढंच. चार्जरला वाटतं अर्थिंग आहे, आणि तो सुरू होतो. पण जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेले सर्रास सापडतात. अशा सॉकेटात हा टॉप गेला, की फेजची तार थेट गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. किंवा मागे कुठे न्यूट्रल तुटला, तरी तोच परिणाम. ओल्या अंगणात उभ्या गाडीच्या दाराला कुणी अनवाणी उभं राहून हात लावला, तर त्याचा जीव जाऊ शकतो. गाडीच्या कंपनीने मुद्दाम बसवलेली ही ढाल दोनशे रुपयांसाठी काढून टाकू नका. अर्थिंग मिळत नसेल तर त्या गावात मुक्काम करू नका.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. टीव्ही-मोबाइलसाठीचा बोर्ड तीन किलोवॉटचा भार तासभरही नीट सोसत नाही. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर. किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्य असेल तर चारची, आणि औद्योगिक जोडणीचा टॉप असं एक्स्टेन्शन चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ते वापरताना गुंडाळी पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तार आतून तापते. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने टॉपला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर ताबडतोब बंद करा. अनेक गाड्यांमध्ये किंवा चार्जरवर प्रवाह कमी करता येतो. जुनं वायरिंग दिसलं तर तो दहा अँपिअरवर आणा. सकाळी थोडे किलोमीटर कमी मिळतील, पण लॉजचं वायरिंग शाबूत राहील आणि पुढच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याला तो मालक नाही म्हणणार नाही.

"गाडीला वीज देणं बेकायदा आहे, आमच्याकडे परवाना नाही" असं काही लॉजवाले सांगतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे की गाडीची बॅटरी चार्ज करून देणं ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, आणि वीज कायदा २००३ खाली त्यासाठी परवाना लागत नाही. पण कायदा सांगून सॉकेट मागू नका. रात्री किती युनिट जातील हे आधी सांगा, व्यावसायिक दराने होतील त्याहून जास्त पैसे द्या, आणि स्वयंपाकघरातलं काम उरकल्यावर चार्जिंग लावा. गावातला भार उतरल्यावर, रात्री दहानंतर, व्होल्टेजही सुधारतं.

दुसरा मोठा घोळ रेंजच्या आकड्याचा. जाहिरातीतला चारशे-पावणेपाचशे किलोमीटरचा आकडा खोटा नाही, पण तो प्रवासाचा नाही. भारतातल्या प्रमाणित चाचणीत गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, कमाल वेग ९० आणि सरासरी तर ३५ च्याही खाली असते. टाटा मोटर्स स्वतःच आता 'सी-७५' नावाचा दुसरा, बराच कमी आकडा देते, म्हणजे पंचाहत्तर टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळतो तो. तुमच्या गाडीचा तुमच्या पायाखालचा आकडा ट्रिप मीटरवर दिसतो, तोच धरा. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, १२० ला सव्वादोनपट. समृद्धी महामार्गावर १२० ने गाडी हाणून "रेंज मिळत नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा ९० ने जाऊन पाहावं.

तिसरा गैरसमज कोकणातल्या लोकांचा आवडता: घाट बॅटरी खातो. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटर आहे. माणसांसकट १७०० किलोची गाडी समुद्रकिनाऱ्यावरून तिथवर उचलायला लागणारी ऊर्जा शाळेतल्या सूत्राने काढा. सव्वातीन युनिट येते. मोटारीतली घट धरून साडेतीन. म्हणजे चढाचा जास्तीचा खर्च वीस-पंचवीस किलोमीटर, बस. उतरताना मोटार जनित्र होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग परत बॅटरीत येतो. फक्त एक लक्षात ठेवा: आंबोलीत रात्रभर लावून गाडी शंभर टक्के भरली आणि लगेच उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागा नसते. सगळा भार ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम असेल तर नव्वदला थांबवा.

आता बाकीचे. एसीने रेंज निम्मी होत नाही. गाडी थंड झाल्यावर एसी ताशी एक-दीड युनिट घेतो, म्हणजे चार तासांच्या प्रवासात तीस-चाळीस किलोमीटर. पावसात चार्जिंग करता येतं, पण टॉप आणि एक्स्टेन्शनची जोडणी आडोशाला हवी. गाडीकडचं टोक पाण्यापासून सुरक्षित असतं, भिंतीकडचं नसतं. घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही, त्याची तेवढी ताकदच नसते. ॲपवर चार्जर हिरवा दिसला म्हणजे तो चालू असतोच असं नाही. आदल्या दिवशी फोन करा आणि तो बंद निघाल्यास पुढच्या चार्जरपर्यंत किंवा सॉकेटपर्यंत पोहोचेल एवढी बॅटरी राखून मगच तिकडे वळा. बॅटरी संपलेली गाडी दोर बांधून ओढू नका, चाकं फिरली की मोटार फिरते. चारही चाकं उचलणारं वाहनच मागवा. आणि तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का ते निघण्यापूर्वी बघा. कित्येक इलेक्ट्रिक गाड्यांत ती नसते, आणि आलापल्ली-भामरागड रस्त्यावर बॅटरी संपण्यापेक्षा टायर फाटण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

बॅटरीला पाण्यापासून संरक्षण असतं, म्हणून पुरातून गाडी घालता येते, असंही काही जण सांगतात. ते संरक्षण उभ्या पाण्यासाठी तपासलेलं असतं, वाहत्या पाण्यासाठी नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो, वीजही जाते. तेव्हा तिकडे इलेक्ट्रिक गाडीही नेऊ नका, डिझेलचीही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा.